पोटरीवरचा आंकडा

हौशी शर्यतपटूंनीं लिहिलेलीं पुस्तकें अलीकडे आमच्या वाचनांत बरींच आलीं. त्यांपैकीं बहुतेकांत एक वाक्य कोठें ना कोठें भेटतेंच : लेखकाची स्पर्धा इतरांशीं नसून केवळ स्वतःशींच आहे. हें वाक्य इतकें विनयशील व इतकें सात्त्विक आहे कीं, त्याविषयीं शंका घेणें म्हणजे भर कीर्तनांत उठून बुवांस पुरावा मागण्यासारखें आहे. तथापि टीकाकाराचें कामच मुळीं अप्रिय. शिवाय या बाबतींत आमच्या पदरीं एक अनुभव असा आला आहे कीं, त्यानंतर तें वाक्य आम्हांस पूर्वींच्या श्रद्धेनें वाचवत नाहीं. हौशी खेळाडूचें वाङ्मय खरें बोलतें कीं सोयीचें बोलतें, एवढाच आमच्यापुढील प्रश्न आहे. आणि तो सोडविण्यासाठीं आम्हांस थोडें रस्त्यावर व पुष्कळसें ग्रंथालयांत हिंडावें लागणार आहे.

प्रथम रस्ता. गेल्या जानेवारींत आम्ही एका ड्युएथलॉनमध्यें उतरलों. हा प्रकार ज्यांस ठाऊक नसेल त्यांच्यासाठीं सांगतों : आधीं धांवावयाचें, मग सायकल चालवावयाची, आणि सायकलीवरून उतरून पुनः धांवावयाचें. प्रमाण अंतरें अनुक्रमें १०, ४० व ५ किलोमीटर. त्यांच्या निम्म्याची लहान शर्यतहि असते, आणि आमची ती निम्म्याचीच होती. पोहण्याचा भाग असलेली हिची थोरली बहीण ट्रायथलॉन २००० सालीं सिडनी येथें ऑलिंपिकच्या मांडवांत शिरली. धाकटी अद्याप बाहेरच उभी आहे. ज्यांस पोहतां येत नाहीं त्यांनीं काढलेली ही पळवाट, अशी हिची थट्टा करितात, आणि आमच्यापुरती ती थट्टा अक्षरशः खरी आहे. परंतु ट्रायथलॉनमध्यें माणूस सायकलीवर बसतो तेव्हां त्याचे पाय निदान धांवून थकलेले नसतात. येथें ते पहिल्याच अंकांत खर्ची पडलेले असतात. आणि दुसऱ्या धांवेचा आरंभ तर मोठा चमत्कारिक! बराच वेळ वाकून वर्तुळांत फिरविलेल्या पायांस सरळ धांवणें म्हणजे काय याचा विसर पडलेला असतो. मन आज्ञा करितें, आणि खालीं कोणा तिऱ्हाइताचे पाय ती नाइलाजानें पाळतात. स्वित्झर्लंडमधील झोफिंगेन येथें १९८९ पासून या प्रकाराची एक प्रसिद्ध दीर्घ शर्यत होत आली आहे. तींत १० किलोमीटर धांवणें, १५० किलोमीटर सायकल व वर ३० किलोमीटर धांवणें असतें. त्या शेवटच्या तीसांविषयीं आम्ही केवळ आदर बाळगितों. अनुभव घेण्याचा विचार नाहीं.

या नांवाविषयीं एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. त्यांतील 'अॅथलॉन' हा ग्रीक शब्द. झुंज किंवा स्पर्धा या अर्थीं ग्रीकांचा निराळा पुल्लिंगी शब्द आहे. हा नपुंसकलिंगी शब्द मुळांत स्पर्धेच्या बक्षिसाचा वाचक. म्हणजे ज्या खेळाच्या नांवांतच बक्षीस शिरून बसलें आहे, त्या खेळांत उतरून बक्षिसाशीं आपणांस कर्तव्य नाहीं असें आम्ही सर्व सांगत असतों. व्युत्पत्तीनें कोणाचें मन ओळखतां येत नाहीं हें खरें, परंतु कधीं कधीं तिला हसूं मात्र आवरत नाहीं.

आतां वयाचें प्रकरण. या शर्यतींत हौशी मंडळींचे पांच पांच वर्षांचे गट पाडतात : ५० ते ५४, ५५ ते ५९, याप्रमाणें पुढें, आणि वय धरावयाचें तें शर्यतीच्या वर्षाच्या ३१ डिसेंबर रोजीं जें होईल तें. आमचा जन्म नोव्हेंबरचा. त्यामुळें जानेवारींत चोपन्नाचे असतांहि आम्ही पंचावन्नांच्या पंक्तीस बसलों. याचें दुःख होईल असें वाटलें होतें. परंतु जाणत्यांनीं आमचें अभिनंदन केलें. नव्या गटांत आपण सर्वांत लहान! जेथें लोक पंचावन्नावा वाढदिवस केव्हां येतो याची वाट पाहतात असें दुसरें स्थान आम्हांस तरी ठाऊक नाहीं. अमेरिकेंतील पुष्कळ शर्यतींत स्पर्धकाच्या पोटरीवर काळ्या शाईनें त्याचें वय लिहितात. आमच्या संयोजकांनींहि ती चाल उचलली होती, फक्त वयाऐवजीं गटाचा आरंभीचा आंकडा लिहिला होता. या लहानशा आंकड्यानें काय होतें तें पाहा. पंचविशींतील एखादा तरुण शेजारून भर्रकन् निघून जातो, आणि आपण त्याच्याकडे पावसाकडे पाहावें तसें पाहतों. त्यांत मानापमान नाहीं. परंतु पुढील पोटरीवर स्वतःचाच आंकडा दिसला कीं त्याच क्षणीं छातींत कांहीं तरी आंवळतें.

सायकलीवर आम्हांस मागें टाकून गेलेला असा एक ५५ आमच्यापुढें धांवत होता. शेवटचा किलोमीटर राहिला असेल. आमच्यांतील पन्नास पावलांचें अंतर कमी होईना व वाढेना. एकाएकीं तो लंगडूं लागला, आणि रस्त्याच्या कडेस एका बाभळीला धरून उभा राहिला. पोटरींत गोळा आला होता. त्या क्षणीं आमच्या मनांत जें उठलें तें दया नव्हती. तो निर्भेळ आनंद होता. आम्ही त्यास विचारलें, "काय झालें? पाणी पाहिजे का?" परंतु हा प्रश्न आम्ही न थांबतां विचारला, हें येथें लिहून ठेवणें प्राप्त आहे. आमच्या गटांत सातजण होते. आम्ही तिसरे आलों, तो चौथा आला.

घरीं येऊन पाय गरम पाण्यांत सोडून बसलों असतां 'इलियड'चा तेविसावा सर्ग आठवला. हा सर्ग आम्ही इंग्रजी भाषांतरावरून वर्गांत अनेक वर्षें शिकविला आहे. पॅट्रोक्लसच्या अंत्यविधीनंतर अकिलीस खेळ मांडतो. त्यांत धांवण्याची शर्यत आहे. ओडिसिअस हा अजॅक्सच्या—थोरल्या नव्हे, धाकट्या अजॅक्सच्या—अगदीं पाठीशीं धांवत आहे. पुढल्याच्या पावलांची धूळ खालीं बसण्यापूर्वीं याचें पाऊल तेथें पडतें, याचा श्वास त्याच्या मानेवर लागतो. अखेरच्या टप्प्यांत ओडिसिअस मनांतल्या मनांत अथेना देवीची करुणा भाकतो. देवी त्याचे अवयव हलके करिते, आणि अजॅक्स बळी दिलेल्या बैलांच्या शेणांत घसरून पडतो. त्याचें तोंड व नाक शेणानें भरतें. दुसऱ्या क्रमांकाचा बैल शिंगास धरून, शेण थुंकत तो तक्रार करितो कीं, ही देवी या माणसाच्या पाठीशीं नेहमीं आईसारखी उभी असते. आणि सर्व ग्रीक खदखदां हंसतात.

हा प्रसंग आजवर आम्ही 'शोकानंतरचा विनोदाचा विसावा' म्हणून शिकवीत आलों. हें स्पष्टीकरण पुस्तकी होतें, आणि त्याची आम्हांस आतां लाज वाटते. होमर येथें विसावा देत नाहीं. तो स्पर्धा म्हणजे काय हें सांगत आहे. ओडिसिअसनें देवीपाशीं मागितलें तें केवळ स्वतःच्या पायांपुरतें. पुढल्याचा पाय घसरला तो देवीच्या हिशेबीं. परंतु ती घसरण त्यास नकोशी झाली असें कवि कोठेंहि म्हणत नाहीं. बाभळीखालच्या प्रसंगीं आम्ही प्रार्थना केली नव्हती, एवढाच काय तो फरक. केली असती तर ती शब्दांत कशी मांडिली असती याचा विचार न केलेला बरा.

याच शर्यतीच्या शेवटीं एक लहानशी गोष्ट आहे. तिच्याकडे आमचें यापूर्वीं लक्षच गेलें नव्हतें. तिसरा म्हणजे शेवटचा आलेला अँटिलोकस हा तिघांत तरुण. तो हंसत म्हणतो कीं, देव अजूनहि वडीलधाऱ्यांचाच मान राखतात असें दिसतें. अजॅक्स आपल्याहून थोडासाच मोठा, पण ओडिसिअस तर मागच्या पिढीचा. त्याच्यासाठीं होमरनें एक विशेषण योजिलें आहे. त्याचा शब्दशः अर्थ 'कच्चा म्हातारा' असा होतो. पिकला आहे खरा, पण देंठापासून अद्याप सुटला नाहीं. पन्नाशीच्या हौशी खेळाडूस याहून नेमका शब्द कोणत्याहि भाषेंत आम्हांस भेटलेला नाहीं.

आणि नेस्टर! रथांच्या शर्यतींतलें पांचवें बक्षीस, दोन कानांचें एक भांडें, कांहीं कारणानें शिल्लक राहतें. अकिलीस तें उचलून नेस्टरच्या हातीं देतो आणि सांगतो कीं, हें तुम्हांस स्पर्धेवांचूनच. तुम्ही आतां मुष्टियुद्ध करणार नाहीं, कुस्ती खेळणार नाहीं, धांवणार नाहीं. वयाचें म्हणून दिलेलें पाश्चात्य वाङ्मयांतलें हें पहिलें बक्षीस असेल कीं काय, न कळे. नेस्टर तें घेतो आणि लागलीच तरुणपणच्या एका खेळांची हकीकत सांगूं लागतो. मुष्टियुद्धांत अमक्यास हरविलें, कुस्तींत तमक्यास, धांवण्यांत, भाला फेंकण्यांत. प्रत्येक पराभूताचें नांव त्यास मुखोद्गत आहे. फक्त रथांत हार झाली, आणि तीहि कां? तर प्रतिस्पर्धी जुळे भाऊ होते. एक लगाम धरी, दुसरा चाबूक चालवी! म्हणजे दोघे एकाविरुद्ध. शर्यतीहून परत आलेला कोणताहि हौशी खेळाडू तुमच्या दिवाणखान्यांत जें बोलतो—वारा समोरून होता, साखळी निसटली, वळणावर स्वयंसेवक नव्हता—त्या सर्व वाङ्मयाचा मूळपुरुष हा नेस्टर होय. अकिलीस तें सर्व शेवटपर्यंत ऐकून घेतो. शीघ्रकोपी म्हणून ज्याची ख्याति, त्या वीराच्या चरित्रांतील हा प्रसंग टीकाकारांनीं फारसा गौरविलेला नाहीं.

व्हर्जिलनें हे खेळ आपल्या 'ईनिअड'च्या पांचव्या सर्गांत उचलले, आणि म्हाताऱ्या खेळाडूचा प्रश्न अधिक निकरावर नेला. डारेस नांवाचा तरुण मुष्टियोद्धा आव्हान देऊन उभा आहे. कोणी पुढें येईना, म्हणून बक्षिसाचा बैल तो आपलाच समजतो. तेव्हां अॅसेस्टिस हा शेजारीं बसलेल्या वृद्ध एंटेलसला डिवचतो. एंटेलस सांगतो कीं, भीति नाहीं, कीर्तीची इच्छाहि गेलेली नाहीं. वयानें रक्त थंड झालें आहे इतकेंच. तरी तो उठतो. पहिल्या मोठ्या ठोशांत स्वतःच तोल जाऊन तो आदळतो, आणि त्यास उचलावयास धांवून जातो तो अॅसेस्टिस. कवि मुद्दाम सांगतो कीं, तो त्याच्या बरोबरीच्या वयाचा मित्र होता. येथून पुढें एंटेलस असा पेटतो कीं, ईनिअसला मध्यें पडून डारेसचा जीव वांचवावा लागतो. नंतर बक्षिसाच्या बैलाचें मस्तक एका ठोशानें फोडून तो हातमोजे कायमचे खालीं ठेवितो. हा देखावा शोभिवंत नाहीं. वार्धक्यांतील शांति, समाधान इत्यादि जें आम्ही एकसष्टीच्या भाषणांतून ऐकतों त्यांतलें येथें कांहींच नाहीं. परंतु पडलेल्यास उचलणारा आणि त्यास डिवचणारा हा एकच समवयस्क मनुष्य आहे, ही व्हर्जिलची दृष्टि आम्हांस फार खोल वाटते.

आतां आजच्या पुस्तकाकडे येऊं. जपानी कादंबरीकार हारुकी मुराकामी यांचें धांवण्याविषयींचें आत्मपर पुस्तक २००७ सालीं निघालें, व फिलिप गेब्रिएल यांनीं केलेलें त्याचें इंग्रजी भाषांतर २००८ सालीं. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें, "सर, आतां हें वाचलेंच पाहिजे" म्हणून तें आमच्या हातीं ठेविलें. पुस्तक चांगलें आहे, हें आरंभींच सांगून टाकितों. लेखक १९८२ मध्यें, वयाच्या तेहेतिसाव्या वर्षीं धांवूं लागला. तो मॅरेथॉन धांवतो, ट्रायथलॉनहि करितो. आणि त्याचें गद्य त्याच्या धांवण्यासारखेंच, एका लयीचें व दिखाऊपणा नसलेलें आहे. बॉस्टनजवळील चार्ल्स नदीच्या कांठीं हार्वर्डमधील तरुण मुली त्यास सहज मागें टाकून जातात, वेण्या झुलवीत, आणि तो त्यांकडे प्रसन्नपणें पाहतो. त्याच्या सायकलीवर 'मरेपर्यंत अठरा' अशा अर्थाचें एका इंग्रजी गाण्याचें नांव रंगविलेलें आहे, आणि तें अर्थातच थट्टेनें.

परंतु मुख्य मुद्द्यावर आमचा व त्याचा मतभेद आहे. तो सांगतो कीं, दुसऱ्यास जिंकणें वा त्याजकडून हरणें यांत त्यास फारसा रस नाहीं. कादंबरीलेखनांत जयपराजय नसतो, तसेंच हेंहि. यांतला पहिला भाग आम्ही मान्य करितों. कादंबऱ्या एका रेषेवरून एकदम सुटत नाहींत, आणि वर्षाच्या अखेरीस वेळेप्रमाणें त्यांची यादी लागत नाहीं. परंतु शर्यत ही नेमकी ती गोष्ट आहे जिची यादी लागते. लेखनाच्या एकांतांत जें खरें तें रस्त्यावरहि खरें, असें गृहीत धरण्यांत या पुस्तकाचा एक सांधा निखळला आहे. तरी आम्ही मुराकामीस खोटें बोलल्याचा दोष देत नाहीं. न्यूयॉर्कसारख्या मॅरेथॉनमध्यें हजारों माणसें धांवतात. तेथें आपला प्रतिस्पर्धी कोण हें कळणारच कसें? गर्दींतला मनुष्य एकटाच असतो. सातजणांच्या गटांत, पोटरीवर आंकडा लिहिलेला असतां, तो एकटेपणा राहत नाहीं. दोष असेलच तर ज्यांनीं मुराकामीचें वाक्य उचलून आपल्या सातजणांच्या शर्यतीस चिकटविलें त्यांचा आहे.

या पुस्तकांतला सर्वांत सरस भाग आमच्या मतें निराळाच आहे. १९९६ सालीं होक्काइडो बेटावरील सारोमा सरोवराच्या कांठीं शंभर किलोमीटर धांवल्यानंतर लेखकाचा धांवण्यांतला उत्साह ओसरला, आणि त्या सुमारास त्याच्या मॅरेथॉनच्या वेळाहि उतरणीस लागल्या. कितीहि मेहनत केली तरी पूर्वींचा वेळ परत येईना. हीं पानें तो आक्रोश न करितां लिहितो, आणि म्हणूनच तीं मनास लागतात. परंतु 'स्वतःशीं स्पर्धा' हें तत्त्व खरें मानिलें तर या पानांचा अर्थ काय होतो? एवढाच कीं, मागल्या वर्षींचा मी हा माझा प्रतिस्पर्धी, आणि तो माझ्याहून कायमचा एका वर्षानें तरुण! पंचविशींत हा गडी हरविण्याजोगा असतो. पन्नाशीनंतर तो बहुधा जिंकतच जातो. तरुणांसाठीं जें तत्त्व सात्त्विक, तेंच उतारवयांत निष्ठुर होतें, ही गोष्ट तें वाक्य उच्चारणाऱ्यांच्या ध्यानांत आलेली दिसत नाहीं. याउलट बाभळीला धरून उभा राहिलेला तो ५५ माझ्याच वेगानें म्हातारा होत आहे. पुढल्या वर्षीं त्याचेहि गुडघे एका वर्षानें जुने होतील. त्यास हरविण्याची आशा मला मरेपर्यंत धरतां येईल, आणि त्यालाहि मला. (येथें 'आम्ही'चा 'मी' झाला, मुद्रितें तपासतांना दिसलें, पण तसेंच राहूं दिलें.)

ज्यास खरोखरच इतरांशीं स्पर्धा नको त्यानें काय करावें, याचें उत्तर अॅलन सिलिटोनें १९५९ सालच्या आपल्या प्रसिद्ध कथेंत दिलेलें आहे. सुधारगृहांतला स्मिथ शर्यतींत सर्वांच्या पुढें असतां शेवटच्या रेषेअलीकडे थबकतो, आणि दुसऱ्यास पुढें जाऊं देतो. परंतु तोहि थबकतो तो सुधारगृहाच्या गव्हर्नरास हरविण्यासाठीं. म्हणजे माघारहि कोणाच्या तरी विरुद्ध. या कथेपुढें 'फक्त स्वतःशीं' म्हणणारीं पुस्तकें अगदींच बेचव लागतात.

'हौशी' या शब्दाची पार्श्वभूमिहि निर्मळ नाहीं. इंग्लंडांत हेन्ली येथील नौकास्पर्धांच्या चालकांनीं १८७९ सालीं हौशीची जी व्याख्या ठरविली तींत कारागीर व मजूर यांस सरळ वगळलें होतें; ज्यानें हातानें पोट भरलें तो हौशी नव्हे! असा लेखी नियम आज कोठें नाहीं. परंतु आमच्या शर्यतींतल्या कांहीं सायकलींच्या किंमती ऐकल्यावर तो नियम निराळ्या वेषांत जिवंत आहे असें वाटलें. आमच्या लहानपणीं पुण्यांत सायकल हें दूधवाल्याचें, पोस्टमनचें व शाळामास्तरांचें वाहन होतें. त्या दिवशीं सकाळीं रस्ता अडविलेला पाहून मागें किटल्या लावलेला एक दूधवाला हुज्जत घालीत होता. त्यास जाऊं दिलें असतें तर आमच्या गटांत तो कितवा आला असता, हें सांगावयास आम्ही धजत नाहीं.

मराठींत या विषयावर आतां लिहिलें जाऊं लागलें आहे, ही आनंदाची गोष्ट. परंतु बहुतेक लेखनांत तेंच पवित्र वाक्य इंग्रजींतून जसेंच्या तसें आलेलें दिसतें, याचें नवल वाटतें. जिच्यांत 'चढाओढ' आणि 'भाऊबंदकी' हे शब्द आहेत, दोन जावांच्या लुगड्यांच्या कांठांवरून जिनें चार चार प्रकरणें लिहविलीं आहेत, त्या भाषेस समवयस्कांच्या मत्सराविषयीं एवढा संकोच कां पडावा? आमच्या लेखकांनीं दुसऱ्या धांवेंतल्या जड पायांचें वर्णन चांगलें केलें आहे. पहाटेचें धुकें, हेल्मेटचा पट्टा बांधल्यावांचून सायकलीस हात लावला म्हणून झालेला दंड, हेंहि चांगलें उतरलें आहे. पुढल्या पोटरीवरचा आंकडा मात्र त्यांनीं वाचला नाहीं, किंवा वाचून सांगितला नाहीं.

बक्षीससमारंभ उरकल्यावर चहाच्या टपरीपाशीं तो चौथा आलेला गृहस्थ आम्हांस भेटला. बँकेंतून नुकताच मोकळा झालेला, उंच, थोडा वाकलेला. "तुमचा वेळ किती आला हो?" त्यानें विचारलें. आम्ही सांगितला. मग तो म्हणाला कीं, सायकलीवर तुम्हांला मीं चांगलेंच मागें टाकलें होतें. पण पाण्याच्या टेबलावर गर्दी होती, मीठ घ्यावयाचें राहिलें, आणि गेल्या वर्षीं तर असें झालें होतें कीं... चहा निवत चालला होता. आम्ही त्याचें गेल्या वर्षींचें, त्यापूर्वींच्या वर्षींचें, आणि कॉलेजांत असतांनाच्या आठशें मीटरचेंहि सर्व ऐकून घेतलें.